हिशेब देणारे खलिफा



वर्गाची सहल ठरली, की वर्गणी गोळा करण्याचे काम बहुधा मॉनिटरकडे येते. तो वहीत नावे लिहितो, पैसे घेतो, बसचे भाडे देतो, नाश्ता आणतो. सहल पार पडते. सगळे खूश असतात. चार दिवसांनी मागच्या बाकावरचा एखादा मुलगा उठतो आणि विचारतो, "काय रे, किती जमले आणि किती खर्च झाले?" पुढे काय होते, ते तुम्हांला माहीत आहे. मॉनिटरचा चेहरा लाल होतो. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" असे तो म्हणतो. त्याचे मित्रही त्या मुलावर तुटून पडतात. एवढी धावपळ केली, त्याचे हे फळ! विचारणारा मुलगा खाली मान घालून बसतो आणि पुन्हा कधी तोंड उघडत नाही.

मी शाळेत असताना असा मॉनिटर होतो. पैसे मी खाल्ले नव्हते. पण वहीत सगळे लिहिलेही नव्हते. मला राग आला तो त्यामुळेच, हे मला फार उशिरा कळले.

'हिशेब' हा शब्द मराठी वाटतो, पण तो तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूत तुम्ही 'हिसाब' म्हणता, अरबीतही तो 'हिसाब'च. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत येता येता त्याचा हिशेब झाला. किराणा दुकानदाराच्या वहीत तो असतो, गणिताच्या तासाला असतो. आणि कुरआनात ज्या दिवशी प्रत्येकाला आपल्या कृत्यांचा जाब द्यावा लागेल, त्या दिवसालाही 'यौमुल हिसाब' म्हटले आहे. दुकानाची वही आणि न्यायाचा दिवस, दोन्हींसाठी एकच शब्द. हे दोन्ही अर्थ एकत्र धरून राज्य चालवणारा एक माणूस होऊन गेला. ते म्हणजे दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.).

त्यांच्याविषयी तुम्ही पुष्कळ ऐकले आहे. वक्तृत्व स्पर्धेत दर वर्षी कोणीतरी त्यांच्यावर बोलतेच. बहुतेक भाषणांत त्यांचे विजय असतात. विजय मोठे होतेच, यात शंका नाही. इ.स. ६३४ मध्ये हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या निधनानंतर ते खलिफा झाले आणि ६४४ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे, त्या पदावर राहिले. या दहा वर्षांत इराक, शाम, इजिप्त आणि इराणचा मोठा भाग मदीनेच्या अमलाखाली आला. यर्मुकच्या लढाईत रोमन सैन्य हरले, कादिसियाच्या लढाईत इराणी सैन्य हरले. जेरुसलेम शरण आले. पण विजय मिळवणारे राजे जगात खूप झाले. सिकंदर झाला, चंगीजखान झाला. हजरत उमर यांचे मोठेपण मला दुसरीकडेच दिसते. आपल्याला कोणीही, कधीही प्रश्न विचारावा, याची सोय त्यांनी स्वतः करून ठेवली.

हे सोपे नव्हते. त्यांचा स्वभाव आठवा. मक्केत कुरैशांच्या बनू अदी घराण्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणी वडिलांचे उंट चारायला नेत. वडील कडक होते. मुलगाही तसाच उंच, धिप्पाड, तापट निघाला. पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांचा आरंभी त्यांनी जोरदार विरोध केला. पुढे बहीण फातिमा यांच्या घरी कुरआनाचे शब्द कानी पडले आणि मन पालटले, ही हकीकत तुम्हांला पाठ असेल. इस्लाम स्वीकारल्यावरही आवाज तोच राहिला, चालही तीच राहिली. हजरत अबू बक्र यांनी आपल्यामागे त्यांचे नाव सुचवले, तेव्हा काही जवळच्या लोकांनीच काळजी बोलून दाखवली, की हा माणूस फार कठोर आहे. खलिफा झाल्यावर ते बाजारात फिरत, तेव्हा हातात दुर्रा म्हणजे छोटा चाबूक असे. लोक त्यांना भीत.

मग अशा माणसाला भर मशिदीत कोण प्रश्न विचारणार? विचारले, आणि तेही साध्या कुरत्यावरून! सांगतात ती गोष्ट अशी. एकदा मदीनेत कापड आले. प्रत्येकाला एकेक तुकडा मिळाला. काही दिवसांनी हजरत उमर त्याच कापडाचा कुरता घालून मिंबरवर उभे राहिले. एक जण उठला आणि म्हणाला, की आम्ही तुमचे ऐकणार नाही. का? तर एका तुकड्यात तुमच्यासारख्या उंच माणसाचा कुरता होत नाही. तुम्ही जास्तीचे कापड घेतले कोठून?

क्षणभर त्या मशिदीत बसून पाहा. समोर ज्यांच्या सैन्यापुढे दोन साम्राज्ये हादरली ते खलिफा आहेत, आणि प्रश्न आहे हातभर कापडाचा. आपल्याकडे असे झाले असते, तर चार जणांनी त्या माणसाचा हात धरून त्याला खाली बसवले असते. "कोणापुढे बोलतोस?" असे दटावले असते. हजरत उमर यांनी त्याला दटावले नाही आणि आपल्या सचोटीचा दाखलाही दिला नाही. त्यांनी फक्त मुलाला, अब्दुल्ला यांना, उत्तर द्यायला सांगितले. अब्दुल्ला म्हणाले, की माझ्या वाट्याचा तुकडा मी वडिलांना दिला. विचारणारा म्हणाला, "आता बोला, आम्ही ऐकतो." आणि भाषण पुढे सुरू झाले.

मला या गोष्टीतला शेवट फार आवडतो. विचारणाऱ्याने माफी मागितली नाही आणि खलिफांनी ती अपेक्षिलीही नाही. प्रश्न होता, उत्तर मिळाले, काम पुढे चालले. कोणाचा अपमान झाला नाही. आमच्या वर्गात मात्र त्या मुलाशी मी महिनाभर बोललो नव्हतो.

अशीच दुसरी हकीकत मेहेरची आहे. लग्नात मेहेरच्या रकमा फुगू लागल्या, तेव्हा हजरत उमर यांनी त्यांवर मर्यादा घालायचे ठरवले. एका स्त्रीने हरकत घेतली. पत्नीला ढीगभर धन दिले असेल तरी ते परत घेऊ नये, असे कुरआनात आहे, मग तुम्ही मर्यादा कशी घालता, असा तिचा मुद्दा होता. खलिफांनी आपली चूक सर्वांसमोर कबूल केली आणि विचार मागे घेतला, असे सांगितले जाते. त्या बाईचे नाव बहुतेकांना ठाऊक नसते. कोणी थोर घराण्यातली होती, म्हणून तिचे ऐकले असे काही नव्हते. मुद्दा बरोबर होता, एवढेच.

काजींच्या घरची घटनाही ऐका. हजरत उबई बिन काब आणि खलिफा यांच्यात एक वाद झाला. प्रकरण हजरत झैद बिन साबित यांच्याकडे गेले. काजींना आपल्याकडे न बोलावता खलिफा स्वतः त्यांच्या घरी गेले. झैद यांनी अदबीने खलिफांसाठी जागा करून दिली. आपण काय समजलो असतो? मान दिला, बरे झाले. हजरत उमर यांनी मात्र तेथेच टोकले, की हा तुमचा पहिला अन्याय. ते फिर्यादीच्या शेजारी जाऊन बसले. पुढे शपथ घेण्याची वेळ आली, तेव्हा काजींनी उबई यांना सुचवले, की खलिफांना शपथेची सूट द्या. तेही हजरत उमर यांना रुचले नाही. खलिफा आणि साधा माणूस ज्याला सारखे दिसत नाहीत, तो न्यायासनावर बसायला योग्य नाही, असे त्यांचे मत पडले.

आता तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, "सर, या गोष्टी पुष्कळ नंतरच्या ग्रंथांत लिहिल्या गेल्या. सगळ्या अशाच घडल्या कशावरून?" शंका योग्य आहे. या हकिकती आधी तोंडी सांगितल्या गेल्या आणि मग लिहिल्या गेल्या. सांगणारे बदलले, तसा तपशीलही थोडा बदलला. पण लोक कोणाविषयी कसल्या गोष्टी सांगतात, यातूनही काही कळते. सिकंदराविषयी घोड्याच्या आणि लढायांच्या गोष्टी सांगतात. हजरत उमर यांच्याविषयी कुरत्याच्या आणि पिठाच्या पोत्याच्या गोष्टी सांगतात. शिवाय त्यांनी जी व्यवस्था बसवली, तिचा पुरावा केवळ गोष्टींपुरता नाही.

दिवाण घ्या. राज्य वाढले, तसा पैसा येऊ लागला. तो कोणाला, किती द्यायचा? हजरत उमर यांनी नोंदवही तयार करवली. त्यात माणसांची नावे आणि प्रत्येकाचा वार्षिक हिस्सा लिहिला जाई. या नोंदवहीला आणि ती ठेवणाऱ्या कचेरीला दिवाण म्हणत. हा शब्दही फिरत फिरत आपल्याकडे आला. मराठीत राजाचा मंत्री दिवाण झाला, न्यायालय दिवाणी झाले, पाहुण्यांची खोली दिवाणखाना झाली. एवढेच काय, घरात भिंतीला लावून ठेवलेला, गादी घातलेला पलंगही दिवाणच! त्यावर लोळताना कोणाला वहीची आठवण येत नाही, ते सोडा.

हिजरी सन हेही त्यांचेच काम. एका कागदावर महिना नुसता 'शाबान' लिहिलेला होता. यंदाचा शाबान, की गेल्या वर्षाचा? हा प्रश्न पडल्यावर त्यांनी सल्लामसलत केली आणि इ.स. ६३८ च्या सुमारास वर्षे मोजायची पद्धत ठरवली, असे सांगतात. आरंभ धरला ६२२ च्या हिजरतीपासून. तुमच्या घरच्या भिंतीवर जी हिजरी तारखांची दिनदर्शिका असते, तिचे मूळ येथे आहे. तारीख नसेल तर हिशेब कसा लागणार?

अधिकाऱ्यांच्या बाबतीत तर ते फारच काटेकोर होते. एखाद्याला प्रांताचा सुभेदार नेमताना त्याची मालमत्ता लिहून घेत. ती पुढे पगाराच्या मानाने फार वाढलेली दिसली, तर वाढलेल्या मालाचा वाटा सरकारी खजिन्यात, म्हणजे बैतुलमालमध्ये, जमा करवत. हजच्या वेळी सुभेदारांना बोलावत आणि लोकांना सांगत, की तक्रार असेल तर आता बोला. कूफा शहराचे सुभेदार हजरत साद बिन अबी वक्कास हे कादिसियाच्या विजयाचे सेनापती होते. त्यांनी राहत्या वाड्याला मोठा दरवाजा बसवला. लोकांना आत येण्यास अडथळा होतो, हे कानावर येताच मदीनेहून मुहंमद बिन मस्लमा यांना पाठवण्यात आले. त्यांनी तो दरवाजा जाळून टाकला. दरवाजा काढून ठेवता आला असता की! पण जळलेला दरवाजा सगळ्या सुभेदारांना दिसला असेल.

त्यांचे सगळेच निर्णय मला सहज पटतात, असे नाही. हजरत खालिद बिन वलीद यांच्यासारख्या सेनापतीला त्यांनी पदावरून दूर केले. विजय खालिदमुळे मिळतो, असे लोक समजू लागले होते, हे एक कारण सांगितले जाते. मोठी बक्षिसी दिल्याचा हिशेबही विचारला गेला होता. आजन्म लढलेल्या माणसाला अशी वागणूक कठोर वाटते. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. दुसऱ्याला लावलेले माप त्यांनी स्वतःला आधी लावले होते. खलिफा म्हणून खजिन्यातून त्यांनी काय घ्यायचे ठरवले? उन्हाळ्याचा एक पोशाख, हिवाळ्याचा एक पोशाख, हज आणि उमरा यांसाठी वाहन आणि कुरैशांतल्या मध्यम घरात असते तेवढे अन्न.

इ.स. ६३९ मध्ये अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. पाऊस नाही, चारा नाही. वाऱ्याबरोबर राखेसारखी धूळ उडे. म्हणून त्या वर्षाला 'राखेचे वर्ष' असे नाव पडले. खेड्यापाड्यांतले लोक मदीनेभोवती येऊन राहिले. शाम आणि इतर प्रांतांतून उंटांवर लादून धान्य आणवले गेले, मोठी चुली पेटल्या, रोज किती माणसे जेवली याची मोजदाद होऊ लागली. त्या वर्षी जकातीची वसुली पुढे ढकलली. भुकेपोटी चोरी करणाऱ्याचा हात तोडण्याची शिक्षाही थांबवली. आणि लोकांना तूप मिळत नाही तोवर मीही खाणार नाही, असे म्हणून खलिफांनी तूप सोडले. तेलाबरोबर भाकरी खाऊन त्यांचा गोरा रंग काळवंडला, असे त्यांना पाहणाऱ्यांनी सांगितले आहे.

आता पिठाच्या पोत्याची गोष्ट. ती तुम्हांला येते. एका रात्री हजरत उमर आपला सेवक अस्लम याला घेऊन मदीनेबाहेर गेले. एका चुलीजवळ एक बाई बसली होती. मुले भुकेने रडत होती आणि चुलीवरच्या भांड्यात नुसते पाणी होते. काही जण त्यात खडे होते, असेही सांगतात. खलिफा धावत कोठारात गेले, पोते स्वतःच्या पाठीवर घेतले. अस्लम म्हणाला, मी उचलतो. त्यावर ते म्हणाले, की न्यायाच्या दिवशी माझे ओझे तू उचलशील काय? मग त्यांनी स्वतः चूल फुंकली, मुलांना जेवू घातले.

आपण ही गोष्ट सांगतो, ती येथपर्यंत. अंगावर काटा येतो, टाळ्या पडतात. पण मधली एक ओळ आपण गाळतो. पोते आणण्यापूर्वी त्या बाईने या अनोळखी वाटसरूपाशी खलिफांचीच तक्रार केली होती. आमच्या आणि उमर यांच्यामध्ये अल्लाहच न्याय करील, असे ती म्हणाली. हजरत उमर यांनी विचारले, की तुमची दशा उमरला कशी कळणार? बाई म्हणाली, की आमची जबाबदारी घेतो आणि आम्हांला विसरतो?

माझ्या मते साऱ्या गोष्टीचे मर्म या तक्रारीत आहे. 'मला माहीत नव्हते' हे अधिकाऱ्याचे आवडते उत्तर असते. शाळेत, कचेरीत, घरातही. त्या बाईने ते उत्तर स्वीकारले नाही. तिचे म्हणणे असे, की माहीत करून घेणे हेच तर तुझे काम. हजरत उमर यांनी तिच्याशी वाद घातला नाही. पाठीवरचे ओझे त्यांनी दयेने उचलले असे आपण म्हणतो. मला वाटते, ते थकलेले देणे फेडत होते.

एवढे करूनही सर्वांचे समाधान झाले नाही, हेही सांगायला हवे. फीरोज नावाचा एक इराणी कारागीर मदीनेत गुलाम होता. मालक रोज फार कर घेतो, अशी त्याची तक्रार होती. हजरत उमर यांनी त्याला कोणकोणती कामे येतात ते विचारले. सुतारकाम, लोहारकाम, नक्षीकाम, असे तो बरेच जाणत होता. त्या मानाने कर जास्त नाही, असा निर्णय त्यांनी दिला. तो मनात जळत राहिला. इ.स. ६४४ मध्ये एका पहाटे नमाज सुरू असताना त्याने विषारी खंजिराने खलिफांवर वार केले. जो निर्णय त्यांना योग्य वाटला, तो त्या माणसाला अन्याय वाटला. मालकाच्या आणि गुलामाच्या नजरेतून एकच रक्कम सारखी दिसत नाही, हे त्या प्रसंगात कोणाच्या ध्यानात आले असेल काय, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

जखम जीवघेणी आहे, हे कळल्यावर त्यांनी पुढचा खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली. मुलगा अब्दुल्ला सल्ल्याला हजर राहील, पण खलिफापदात त्याचा वाटा असणार नाही, असे बजावले. मग मुलाला म्हणाले, की माझे कर्ज किती आहे ते मोज. मोजले. सुमारे ८६ हजार भरले. एवढ्या मोठ्या राज्याचा प्रमुख कर्जात होता! ते आपल्या घरच्या मालमत्तेतून फेडावे, कमी पडले तर बनू अदी घराण्याकडे मागावे, तरीही कमी पडले तर कुरैशांकडे, त्यापलीकडे जाऊ नये, असे त्यांनी सांगितले.

शेवटी एक इच्छा राहिली होती. पैगंबर (स.) आणि हजरत अबू बक्र यांच्या शेजारी दफन व्हावे. ती जागा हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरात होती. त्यांनी अब्दुल्लांना त्यांच्याकडे पाठवले आणि बजावले, की उमरचा सलाम सांग, अमीरुल मोमिनीन म्हणू नकोस, कारण आज मी कोणाचा अमीर राहिलेलो नाही. आयेशा रडत बसल्या होत्या. ती जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती. तरी त्यांनी होकार दिला. अब्दुल्ला परतले, तेव्हा हजरत उमर यांनी त्यांना आणखी एक काम सांगितले. मी गेल्यावर माझा जनाजा त्यांच्या दाराशी न्या आणि तेथे पुन्हा एकदा परवानगी मागा. त्यांनी हो म्हटले तर आत न्या, नाही म्हटले तर मुसलमानांच्या सार्वजनिक कब्रस्तानात घेऊन जा.

जनाजा दाराशी आला. अब्दुल्लांनी सलाम केला आणि पुन्हा विचारले.